चंदाचा पिच्चर

कंदील जरा जवळ घ्या, मग सांगतो. त्या दुपारी आम्ही फक्त एक किल्ली मागायला गेलो होतो.

आम्ही तिघं, म्हणजे मी हसनैन, नितेश आणि उज्मा. राहणार अकोल्याचे. मोबाइलवर भुताचे पिच्चर काढतो. खिसा रिकामा, पण हौस दांडगी. मूर्तिजापूरजवळच्या एका बंद जिनिंगची, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या कारखान्याची, किल्ली तिथल्याच मैनाबाईकडे असते. तिची लेक चंदा तिथेच कापसातला कचरा वेचायची. एक दिवस तिचा पदर मशीनच्या पट्ट्यात अडकला, गळ्याला फास बसला आणि ती गेली. मैनाबाईने आपण होऊन सगळं सांगितलं. चंदा एक पाय ओढत चालायची, लाजली की पदराने तोंड झाकायची. आम्ही माना डोलावल्या आणि ते सगळं उचलून आमच्या भुताला चिकटवलं.

नितेशला साडी नेसवली, तोंडाला पावडर थापली. टेबलफॅनसमोर जुना कापूस उडवून धुकं केलं. नितेश पाय ओढत आला आणि आम्ही पोट धरून हसलो.

दारात मैनाबाई उभी होती, हातात आमच्यासाठी चहाची किटली.

"हा... माह्या चंदाचा पिच्चर होय?"

तिला वाटलं होतं, पोरं लेकीची आठवण जपतायत. आम्हाला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"दाखव मले."

मी आताच काढलेला शॉट लावून फोन पुढे धरला. पडद्यावर कापूस उडत होता. नितेश त्यात कुठेच नव्हता. पट्ट्यापाशी एक बाई उभी होती, पदराने तोंड झाकून... आणि नितेश तर माझ्या शेजारी, माझं मनगट आवळून. तापलेल्या तेलाचा वास आला. त्या शेडमध्ये कित्येक वर्षांत मशीन चाललं नव्हतं.

"चंदे..." मैनाबाई फोनशी पुटपुटली. "तोंड नको लपवू माय. लेकरंच हायेत हे."

पडद्यावरचा हात हलला. पदर खाली येऊ लागला... आम्ही तिघांनी माना खाली घातल्या. भीती होतीच, पण लाज जास्त होती. कोणत्या तोंडाने बघणार होतो आम्ही तिच्याकडे?

तेव्हापासून फोन बंद करून कपाटात ठेवलाय. काल मैनाबाई अकोल्याच्या जुन्या शहरातल्या माझ्या घरी आली. लेकीला पुन्हा बघायला मागेल म्हणून मी आधीच खोटं बोललो, "मावशी, फोन बिघडला." बोललो आणि स्वतःचीच किळस आली.

"राहू दे बापा. ती आता फोनात कुठं राहते?" माझ्या खांद्यावरून ती आतल्या खोलीकडे बघत होती. "त्याच दिवशी तुह्या मांगं मांगं आली ना..."

मग तिने फडक्यात बांधलेली भाकर माझ्या हातात ठेवली.

"दुधात कुस्करून देजो तिले. गळा दुखते तिचा अजून."