पडद्याखालच्याला मारलेली हाक

त्या दिवशी मी मठात गेलो तो भाकऱ्या पोहोचवायला. निदान शेजाऱ्यांना तसंच सांगितलं होतं. माझ्या बायकोनं, इस्तीरनं, उन्हात फुगवलेल्या पिठाच्या भाकऱ्या भाजून फडक्यात बांधल्या आणि दारात माझी बाही धरली.

"बखूमचे बाबा, त्याला घेऊनच या. प्रार्थनेच्या आधी पोहोचा. एकदा ती म्हटली की पोरगा आपला राहत नाही."

प्रार्थना म्हणजे मयताची. आम्हा इजिप्तच्या ख्रिस्ती लोकांत साधू व्हायचं तर आधी मरावं लागतं. पोराला वेदीसमोर जमिनीवर निजवतात, अंगावर वेदीचा पडदा घालतात आणि मेलेल्या माणसासाठी म्हणतात ते सगळं त्याच्यावर म्हणतात. उठतो तो नवं नाव घेऊन. जुन्या नावानं पुन्हा हाक मारायची नाही. आईबापाच्या मातीलाही तो येत नाही.

मी खजुराच्या फांद्यांच्या पेट्या विणणारा माणूस, अक्षर ओळखत नाही. पोरगा मात्र शिकला. कैरोत मोठ्या कचेरीत लागला. लोक इंटरनेटवर जे जे टाकतात त्यातली घाण वेचून काढायची, असलं काहीतरी काम. सगळं जग बघितलेला पोरगा मठात निघाला, तर गावात लोक हसायचे. "काय हो बखूमचे बाबा, तिकडे वायफाय आहे ना?"

मठाच्या अंगणात तो भेटला. वाळवंटातला गरम वारा सुटला होता. भर दुपारी आभाळ विटकरी झालेलं आणि दातांखाली वाळू करकरत होती.

"चल घरी. गाडीवाला थांबवलाय," मी म्हणालो.

"तो थांबणाऱ्यातला नाही, बाबा." हसला. अगदी लहानपणी हसायचा तसा.

"काय कमी होतं रे तुला? फोनवर सगळं मिळतं म्हणायचास. प्रवचनंसुद्धा."

"मिळतं, तेच तर. काय खायचं, कुणावर चिडायचं, कशावर विश्वास ठेवायचा, रोज उठून सगळं मीच निवडायचं. इथं घंटा झाली की उठायचं, मसूर दिला की मसूर खायचा. आलो त्या रात्री असा झोपलो बाबा, तुमच्या पेट्यांच्या ढिगावर झोपायचो ना, तसा."

"आणि आई?"

"तिकडे फोनवर हजारो माणसं मला ओळखत होती. तापानं पडलो तर एकानं विचारलं नाही. इथं नुसतं खोकलो तरी शेजारच्या खोलीतून भिंतीवर टकटक होते."

तेवढ्यात घंटा झाली.

आत अंधार होता, धूप घशात बसत होता. पोरगा उताणा निजला आणि त्याच्यावर पडदा आला. दाराजवळ उभे असलेले म्हातारे अबूना सिदराक माझ्या कानाशी वाकले. ते तिथले जुने साधू; साधूला आमच्यात अबूना म्हणतात.

"आता नाव घेऊ नका हं. पडदा आहे तोवर तर मुळीच नाही."

"घेतलं तर?"

"तर... ओ कोण देईल, सांगता येत नाही."

मी दात आवळून उभा राहिलो. पडदा श्वासानं वरखाली होताना दिसत होता. मग माझ्या आईच्या मयताला म्हटलेले ते सूर सुरू झाले, आणि पडदा हलायचा थांबला. मी वाट पाहिली. अजून पाहिली. तो हलेना.

"बखूम!"

"आलो, बाबा."

आवाज मागून आला. दाराकडून.

सगळे साधू गप्प झाले. मी वळून पाहिलं. उघडं दार, बाहेर लाल धूळ, माणूस कुणी नाही. मग मठाधिपतींनी आवाज चढवून प्रार्थना पुढे नेली. पडदा उचलला. पोरगा उठला, अबूना बीमन झाला, आणि परक्या माणसानं घ्यावा तसा माझा हात हातात घेऊन चुंबला.

परतताना गाडीत माझ्या शेजारी एकजण बसायला आला, तर गाडीवाला त्याच्यावर खेकसला. "ओ काका, डोळे फुटले का? पोरगा बसलाय तिथं."

इस्तीरनं दार उघडलं. माझ्या खांद्यावरून मागं पाहिलं आणि रडतच हसली. "आणलंत!"

तेव्हापासून ती त्याला वाढते. मला दिसत काही नाही. चावल्याचा आवाज येतो, ताट रिकामं होतं. आणि तो जाणार तरी कसा? दिवसभर गल्लीत तेच चालू. "बखूमची आई, पाणी आलं का?" "बखूमचे बाबा, पेट्या झाल्या का?" दर वेळी गच्चीवरून हळूच "ओ" येते.

मोठ्या उपवासात मी मठात गेलो. साधूंच्या काळ्या झग्यात अबूना बीमन निम्मा झाला होता. ओठ सोललेले.

"बाबा... घरी कुणी माझं जुनं नाव घेतं का?"

मी खाली पाहिलं.

"दुपारपर्यंत आम्ही पाण्याचा थेंब घेत नाही. पण माझ्या तोंडाला आईच्या हातच्या मुलूखियाची चव येते, मांसाच्या रश्शातल्या त्या पाल्याची. लसणासकट. पोट भरलेलं असतं. मी चुळा भरभरून तोंड सोलून घेतलं, बाबा. मला इथंच राहायचंय. आईला सांगा... त्याला वाढू नको म्हणावं."

मी सांगितलं. इस्तीर भांड्यावर पदर धरून उभी राहिली, जणू मी ते हिसकावणार होतो.

"उपाशी ठेवू? माझ्या लेकराला? एकदा गेला होता तो. आता नाही जाऊ देणार."

मी पुढे बोललो नाही. बोलायला हवं होतं का, तुम्हीच सांगा.

काल संध्याकाळी ती दोन ताटं घेत होती. मी जेवलो होतो.

"हे दुसरं कुणाला?"

"त्याच्याबरोबर आज एकजण आलाय. काळ्या झग्यातला. केव्हाची म्हणतेय बस, तर बसतच नाही."

"मग... कुठाय तो?"

तिनं पळीनंच मोरीकडे दाखवलं. आत कुणीतरी चुळा भरत होतं.