काटा डावीकडे

वजनकाटे तपासणं ही माझी नोकरी. दुकानदार गोड हसून चहा पुढे करतो, तेव्हा मी कपाकडे नाही, काट्याकडे बघते. माणसं बिनदिक्कत थापा मारतात, काटा मारत नाही. तेव्हा मला भास होतात असं कुणी म्हणू नये.

गुरुवारी आईच्या घशाचं ऑपरेशन होतं. स्वरयंत्रच काढणार होते. सर्जनने हे बसचं वेळापत्रक सांगावं तसं सांगितलं आणि मी घरी येईपर्यंत दातओठ खात होते. निदान तिचा आवाज तरी मला रेकॉर्ड करून ठेवायचा होता. आईलाही बोलायचं होतं. "तुला एक गोष्ट सांगायची राहिलीय," ती म्हणाली, "कधी जमलंच नाही बघ."

जमणार कसं? बाबा होते तोवर घरात एकच आवाज होता. आईने तोंड उघडलं की त्यांचा चढायचा. त्यांना जाऊन दोन वर्षं झाली, तरी ती अजून वाक्य अर्ध्यावर सोडायची. मला त्याचाही राग यायचा.

आता तिची नुसती कुजबुज उरली होती आणि मध्येच खोकल्याची उबळ आली की माइकमध्ये आवाज फाटायचा. खालच्या मजल्यावरच्या रेकॉर्डिस्टने त्याचा कॉम्प्रेसर आणून दिला. विटेसारखं जड खोकं, चार नॉब, मध्ये पिवळ्या उजेडात काटा.

"मोठा आवाज आला की हे त्याला दाबतं," त्याने शिकवलं. "जेवढं दाबेल तेवढा काटा डावीकडे पडतो. मग सगळाच आवाज वर उचलायचा, म्हणजे खोकला आणि कुजबुज एका पातळीवर येतात. कुठून दाबायचं ते थ्रेशोल्ड, किती दाबायचं ते रेशो. काटा जरासा डुलला पाहिजे ताई, आडवा पडायला नको."

मी साबणाच्या पाकिटावरचा मजकूर वाचवाचून शिकले. ओरडले की काटा डावीकडे, गप्प बसले की जागेवर. मशीन सरळ होतं.

बुधवारी दुपारी जेवणाच्या टेबलाशी आईला माइकसमोर बसवलं, खिडक्या लावल्या, हेडफोन चढवले. आईने श्वास घेतला. काटा धाडकन डावीकडे पडला.

ती अजून बोललीही नव्हती.

"तू झालीस त्या वर्षी..." ती म्हणाली. हेडफोनमध्ये तो आवाज गादीखालून यावा तसा आला. ती थांबली. काटा तसाच पडून.

मी केबल बदलली. माइक बदलला. मी बोलले, काटा शहाण्यासारखा डुलला. आई गप्प बसली, तेव्हा काटा जागेवर. आईने ओठ उघडले, काटा आडवा. खोटा काटा मी चुटकीसरशी ओळखते. हा खोटा नव्हता.

रेकॉर्डिस्टला वर बोलावलं. त्याने हेडफोन लावले, आईला बोलायला सांगितलं आणि काट्याकडे बघत राहिला.

"उगाच नाही दाबत हे," तो हळूच म्हणाला. "आत काहीतरी येतंय."

"काय येतंय?"

"खूप मोठं काहीतरी." त्याने हेडफोन घाईने काढून टेबलावर ठेवले. "मशीन राहू द्या तुमच्याकडेच."

तो गेल्यावर मी कॉम्प्रेसर मधून काढला आणि सरळ रेकॉर्ड करून बघितलं. आईने तेवढंच म्हटलं, "तू झालीस त्या वर्षी..." आवाज फार मोठा झाल्याचा रेकॉर्डरचा लाल दिवा पेटलेलाच राहिला. ऐकलं तर नुसती फाटकी खरखर. आई त्यात कुठेच नव्हती.

मग माझं डोकं फिरलं. कॉम्प्रेसर पुन्हा जोडला. थ्रेशोल्ड तळाला नेला, रेशो टोकाला. दाब त्या आवाजाला, म्हटलं, जन्मभर कुणी दाबलं नाही. खरखर गेली. पण तिच्याबरोबर आईही गेली. त्याला दाबावं तर तीच दबत होती, हे मला या घरात नव्याने कळायचं राहिलं नव्हतं.

मी उठून टेबलाच्या टोकाच्या खुर्चीकडे वळले.

"बाबा, गप्प बसा! एक दिवस तरी तिला बोलू द्या!"

ते जिवंत असताना हे मी कधीही बोलले नव्हते. माझ्या ओरडण्याने काटा हललासुद्धा नाही. त्याला आणखी पडायला जागाच नव्हती.

आईने माझा हात धरून मला खाली बसवलं.

"असं मध्ये बोलू नये," ती कुजबुजली. "ह्यांचं होऊ दे. मग मी सांगते."

आम्ही बसून राहिलो.

काटा उठला नाही.

दुपार गेली. आई हात मांडीवर ठेवून मधूनमधून "हं" म्हणत होती.

सकाळी तिला ऑपरेशनसाठी आत नेलं.

तिच्या आवाजाची माझ्याकडे आता त्या दुपारची तेवढीच फाइल आहे. सगळे "हं" मात्र दबलेले नाहीत, एका पातळीवर, छान स्वच्छ. अगदी शेवटी, मला तेव्हा समोर बसून ऐकू आलं नव्हतं असं, आई म्हणते, "हो. नाही सांगत तिला."

टाके काढून ती घरी आली, तेव्हा मी तिच्यासमोर बसले. विचारलं, "आई, काय नाही सांगायचं मला?"

तिने माझ्या तोंडावर हात ठेवला आणि मान कलती करून ऐकत राहिली.