हिंमतरावच्या गाडीची काच

मोबाइल ठेवा बरं खाली. गोष्ट आइकाची आसंल तं आइका, नाही तं उठा अन् झोपा. अन् दीपक, मधात "खरंच का आबा?" म्हनशील तं मी तिथंच बंद करीन. खरंच आहे. ज्याच्यावर बेतली तो गोकुळ माह्या उठन्या-बसन्यातला. मोताळ्यात गाड्याइचं वायरिंगचं काम करते. हात चांगला आहे, पन आंगात आळस लय.

तारीख पाठ आहे मले. दोन हजार चोवीस, मे महिन्याची चौदा, मंगळवार. रात्रीचे साडेनऊ.

हिंमतरावची जुनी पांढरी गाडी मळ्यातल्या टिनाच्या शेडात दोन वर्षापासून उभी होती. सकाळी जालन्याचं गिऱ्हाईक ती पाहाले येनार होतं. ड्रायव्हरकडची काच वर अडकेल होती, तेवढी खाली-वर झाली पाहिजे म्हनून हिंमतरावनं गोकुळले बलावलं. दिवसा त्या टिनाखाली नुसती भट्टी, म्हनून तो रात्री गेला. एकटाच, बॅटरी अन् पाने घेऊन.

दुसरं कोनतंही काम त्यानं सकाळवर ढकललं असतं. पन ही गाडी एकदाची तालुक्याबाहेर जावी, असं त्याले मनापासून वाटे. काऊन, ते सांगतो.

त्या गाडीवर कचरू ड्रायव्हर होता. दोन वर्षाआधी, उन्हाळ्यातच, तो त्या शेडात एसी लावून गाडीत झोपला. इंजन चालू, शेड बंद, आत धूर भरला. जाग आली तं काच उतरेना, अन् दाराचा आतला खटका तुटेल. जुन्या गाडीत असंच चालते ना बाप्पा. खटका तुटला तं काच खाली करा, हात बाहेर काढा, बाहेरून दार उघडा. दुरुस्त करते कोन? सकाळी कचरू मरेल सापडला. दाराचं आतलं प्लास्टिक बुक्क्या मारू मारू फुटेल होतं.

लोक म्हनले, पेऊन झोपला आसंल. त्याच्या बायकोनं, आशाबाईनं, गोकुळले इचारलं, "भाऊ, आदल्या दिवशी हे तुमच्याकडं काच दाखवाले आलते ना?"

गोकुळ म्हनला, "नाही वहिनी. आलेच नाही."

आलता, लेकहो. पन गोकुळले बायकोसंग चिखलीले लग्नाले जायची घाई होती. त्यानं गाडीले हात लावला नाही. उभ्या उभ्याच सांगतलं, "काचेची मोटर कुठं खोलत बसू आता? दाराले बुक्की मार अन् बटन दाब. चालते." तशी चालतेही. मोटर एका जागी अडकली तं हादऱ्यानं सुटते, सगळेच मेकॅनिक करतेत. पन नेहमीच सुटते असं नाही.

तं त्या रात्री त्यानं आपली बॅटरी जोडली, किल्ली फिरवली. फ्यूज पाहिला, शाबूत होता. बटनाच्या वायरीले टेस्ट लॅम्प लावला, करंट येऊन राह्यला होता. म्हंजे बटन चांगलं, मोटर जाम. आता दार खोलून मोटर काढाची, सरळ काम. पाने खाली जमिनीवर, मोबाइलचा टॉर्च लावून मोबाइल बोनटवर.

पन जित्याची खोड! हा सीटवर बसला. म्हनला, आधी बुक्की मारून पाहू.

उघड्या दाराले त्यानं बुक्की हानली. दार बाहेर गेलं, तसंच जोरात आलं, अन् बंद झालं.

घ्या. खटका तुटेल. डाव्या दाराले शेडाची भिंत खेटेल. मांगच्या दाराइले पोराइचं लॉक, ते आतून उघडतच नाही. हॉर्न केव्हाचाच मुका. त्यानं काचेले लाथा हानल्या. चपलीनं काय काच फुटते?

बोनटवर मोबाइल वाजला. काचेतून नाव दिसे. पूनम. त्याची बायको. वाजला, थांबला. पुन्हा वाजला. मंग टॉर्चही विझला.

आंगातून घाम धारेनं लागला. त्यानं बटन दाबून बुक्की मारली. एक. दोन. तीन.

थांबला.

बाहेरून… बुक्की आली. एक. दोन. तीन.

"कोन आहे बे?"

त्यानं पुन्हा एक मारली. बाहेरून पुन्हा एक. त्याच जागी. त्याच्या हाताच्या समोरासमोर…

मंग इंजन सुरू झालं.

टाकीत थेंब नव्हता. त्यानं किल्ली बंद केली. इंजन चालूच. किल्ली काढून हातात घेतली. चालूच… धुराचा वास आला. डोळे चुरचुरले. छाती दाटली.

"कचरूभाऊ," तो म्हनला, "चुकलं माहं. म्या मोटर खोलाले पाहिजे होती."

काच हालली. चार बोटं खाली आली. त्यानं तोंड लावून हवा घेतली, अन् हात बाहेर घातला. बाहेरचं हँडल चाचपलं. सापडलं…

काच वर आली.

कोपरापाशी हात दाबला गेला. बटनावर कोनाचा हात नव्हता. काच हळूहळू, सावकाश, वर…

"मले पोरगी आहे भाऊ."

वर…

"मी मरून जाईन."

वर… हाड वाजलं.

तवा तो रडला. म्हनला, "तू आलता. आशावहिनीले म्या खोटं सांगतलं. तू पेएल नव्हता. तू आलता, अन् म्या तुले परत लावलं."

इंजन बंद झालं.

मंग बाहेरून हँडल उचलल्याचा आवाज आला, दार उघडलं, अन् हात सुटला.

तो बाहेर पडला तो निघालाच. मोबाइल घेतला नाही, पाने घेतले नाही, मोटरसायकलही घेतली नाही. घरीही गेला नाही. पायीच कचरूच्या घरी गेला. रात्रीचे साडेअकरा. आशाबाईनं दार उघडलं. उजव्या हाताची बाही कोपरापासून नव्हती त्याची, पन त्याले ते तिच्या कंदिलाच्या उजेडातच दिसलं. त्यानं उंबऱ्याबाहेर उभं राहून सगळं सांगतलं. ती खाली बसली, अन् पदर तोंडाले लावला.

सकाळी हिंमतराव गिऱ्हाईक घेऊन शेडात गेला. दार सताड उघडं. काच मात्र वर, पूर्ण बंद. त्यानं बुलढान्याहून दुसरा मेकॅनिक बलावला. त्यानं दार खोललं अन् मोटर दाखवली. आतून सगळी गंजेल, एक गोळा झाल्यावानी. म्हनला, ही मोटर दोन वर्षात रतीभरही फिरेल नाही, काच खाली यायचा सवालच नाही.

अन् त्या बंद काचेच्या वरच्या रबरात गोकुळच्या शर्टाची बाही होती, बटनासकट. अर्धी आत, अर्धी बाहेर. दोघाइनं ओढली. निघाली नाही.