खिडकीखालची खाट

निवाऱ्यातल्या बायकांनी तिला पहिल्याच दिवशी ‘अंगठेवाली’ म्हणायला सुरुवात केली. त्यात लाडाचा लवलेशही नव्हता.

पालिकेला बेघरांची माहिती हवी होती. किती जणी, कुठून आलेल्या, किती दिवसांपासून राहतायत. त्यासाठी भरघोस अनुदान मंजूर झालं आणि त्यातून आलं काय, तर एक अंगठ्याचं मशीन, एक टेबल आणि टेबलामागे ही बाई. छत गळत होतं ते गळतच राहिलं. गाद्यांचा कापूस बाहेर आला होता, तोही तसाच. बायका भिंतीला टेकून तिच्याकडे अशा बघत होत्या, जणू तिनेच त्यांच्या तोंडचा घास काढून घेतलाय.

“आमच्या अंगठ्यांना काय सोनं लागलंय का?” एकीने विचारलं.

“नोंद नाही, तर जागा नाही,” अंगठेवाली मानही वर न करता म्हणाली. “पुढे या.”

ती तरी कुठे हौसेने आली होती! नवरा गेल्यापासून सगळा भार तिच्या एकटीवर. घर म्हणजे दोन खोल्या आणि इयत्ता दुसरीत शिकणारी मुलगी. नोकरी तात्पुरती होती. सगळ्या खाटांची नोंद पुरी झाली तर कायम करू, असं साहेब म्हणाले होते. एकही खाट रिकामी दिसता कामा नये.

गाडी अडली ती भांडीवाल्या आजींपाशी. जन्मभर लोकांची भांडी घासून आजींचा अंगठा साबणाच्या वडीसारखा गुळगुळीत झाला होता. मशीनचा लाल दिवा लागला. पुसून पाहिला, ओला करून पाहिला, डावा लावून पाहिला. दिवा लालच.

“खिडकीखालची खाट माझी आहे,” आजी म्हणाल्या. “सगळ्यांना विचार.”

“मशीन घेत नाही, त्याला मी काय करू, आजी?”

“म्हणजे मी आहे की नाही, हे आता तुझं मशीन ठरवणार होय गं?”

हाताने नोंद करायची सोय होती. पण त्यासाठी साहेबांकडे खेटे घालावे लागले असते. अंगठेवालीने रखवालदाराला खूण केली आणि त्याने आजींचं गाठोडं दाराबाहेर नेऊन ठेवलं. जाताना आजी तिच्या अंगठ्याकडे बराच वेळ बघत राहिल्या.

मशीन चालतंय की नाही हे पाहायला ती रोज आधी स्वतःचा अंगठा टेकवायची आणि चाचणीची ती नोंद पुसून टाकायची. हे काम करणाऱ्या सगळ्यांची हीच रीत. त्या दिवशी तिने नोंद पुसली नाही. सरळ खिडकीखालच्या खाटेवर लावून टाकली. एक खाट भरली आणि कुणाचं काही बिघडलं नाही, असं तिला वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या गादीला खळगा पडलेला होता. तिने हात लावून पाहिला. गादी ऊबदार होती. उशीवर तिच्याच तेलाचा वास होता.

“इथे कोण झोपलं होतं?”

“आम्हालाच विचारतेस?” शेजारची बाई फणकारली. “रात्री येऊन पडतेस, आमच्या चादरी ओढतेस आणि सकाळी साळसूदासारखी टेबलाशी बसतेस!”

“मी संध्याकाळीच घरी जाते.”

“हो का? मग ती काय तुझी जुळी बहीण?”

कुणी हसलं नाही. तिने रखवालदाराकडे पाहिलं. त्याने नजर चुकवली. “बाई, रात्री येऊन तुम्ही अंगठा लावता, हिरवा दिवा लागतो. मग मी अडवणारा कोण?”

सगळ्यांनी मिळून आपल्याला पिडायचा कट केलाय, असं तिने स्वतःला समजावलं. आठवडाभर ती दातओठ खात काम करत राहिली. गादीचा खळगा खोल होत गेला. मग एका सकाळी खळगा नव्हता. गादी गार होती. तिला हायसं वाटलं.

त्या संध्याकाळी मुलगी वेणी घालून बसलेली दिसली.

“कुणी घातली गं?”

“असं काय करतेस, आई! तूच शाळेतून आणलंस, तूच घातलीस.” मुलगी लाजत हसली. “आज ओढलं नाहीस अजिबात. तुझी बोटं किती मऊ झालीयत.”

रात्रभर ती मुलीला कवटाळून जागी राहिली.

सकाळी मुलीला शाळेत सोडून ती धावतच निवाऱ्यात आली. ती नोंद पुसायची, बस्स. मशीनने खात्रीसाठी अंगठा मागितला. तिने टेकवला.

लाल दिवा.

पदराला पुसून पुन्हा टेकवला. दुपार कलेपर्यंत टेकवत राहिली. लाल. बायका एकेक करून टेबलाभोवती जमल्या.

“ओला कर की,” एक म्हणाली.

“डावा लावून बघ,” दुसरी म्हणाली.

तिने अंगठा डोळ्यांजवळ नेला. त्यावर एकही रेघ नव्हती.

रखवालदाराने तिची पिशवी उचलली आणि दाराबाहेर ठेवली. तो तिला ओळखत नव्हता, हे त्याच्या डोळ्यांत स्पष्ट दिसत होतं.

ती शाळेकडे धावत सुटली. शाळा कधीच सुटली होती.

घराचं दार आतून बंद होतं. तिने दोन्ही हातांनी ते बडवलं. साखळी तशीच ठेवून मुलीने फटीतून बाहेर पाहिलं. वेणी नीट घातलेली होती.

“बाळा, उघड. मी आहे.”

मुलीने मागे वळून हाक मारली. “आई, कुणीतरी बाई आलीय.”

स्वयंपाकघरातून तिच्याच आवाजात उत्तर आलं. मान वर न करता दिल्यासारखं.

“नोंद आहे का बघ तिची.”

मुलीने फटीतून हात बाहेर काढला आणि तिचा अंगठा धरला. उजेडात नेऊन उलटसुलट करून पाहिला. मग हळूच सोडला आणि दार लावून घेतलं.