हात चालतात, तोंड चालत नाही

आपत्कालीन विभागांची परीक्षा घेत मी बारा वर्षं हिंडतोय. औषधांचं ज्ञान मी तपासत नाही. माणसं एकमेकांशी नीट बोलतात का, ते बघतो. नियम शेंबड्या पोरालाही कळेल असा आहे. डॉक्टरांनी ऑर्डर दिली की ऐकणाऱ्याने ती मोठ्याने परत म्हणायची, काम करायचं आणि 'दिलं' म्हणायचं. ते ऐकलं की डॉक्टर पुढे जातात. एवढंही या शिकल्या-सवरलेल्यांना जमत नाही.

त्या दिवशी सकाळी अकराला तळमजल्यावरच्या खोलीत गेलो. ओली फरशी, स्पिरिटचा वास, एका खाटेवर रबरी पुतळा, दुसरी रिकामी. समोर डॉक्टर, सिस्टर आणि मॉनिटरवर बसलेला टेक्निशियन. गेल्या वर्षी यांना मी नापास केलं होतं. यंदाही झाले तर खोलीला कुलूप. माझी छाती सकाळपासून जड होती. पित्त असेल म्हणून सोडून दिलं.

सराव सुरू झाला. मॉनिटरच्या पडद्याकडे बघत डॉक्टर म्हणाले, "नाडी बसतेय. अ‍ॅट्रोपिन एक."

नाडी वाढवणारी सुई द्यायची, तर सिस्टर ढिम्म. टेक्निशियन नखं बघतोय. म्हटलं, आनंद आहे.

"अ‍ॅट्रोपिन एक, देते," बाईचा शांत आवाज आला. मग, "दिलं."

मी दहापैकी दहा मांडले आणि वर पाहिलं. ट्रेमधली सिरिंज भरलेलीच होती, टोपणासकट.

"सिस्टर, खोटं बोलून मार्क मिळवायचेत?"

"मी बोललेच नाही, सर." तिचा चेहरा उतरला होता. "आवाज आमच्या इथल्या जुन्या सिस्टरताईंचा होता."

"काहीतरीच," डॉक्टर म्हणाले.

"गेल्या वर्षी सरांनी त्यांच्यावर शेरा मारला होता ना, 'हात चालतात, तोंड चालत नाही'. त्यांना घरी बसवलं. तीन महिन्यांत गेल्या."

मला ती आठवली. ऑर्डर पुरी व्हायच्या आत सुई देऊन मोकळी व्हायची, पण तोंडातून अवाक्षर नाही. माझ्या फॉर्मात हातांसाठी रकानाच नाही. आता मेलेल्या बाईच्या नावावर पास व्हायला निघाले होते हे. कुठेतरी स्पीकर दडवला असणार. निर्लज्जपणाचीही हद्द असते. मी फॉर्मवर 'नापास' लिहायला घेतलं.

'ना' लिहिला आणि पेन गळून पडलं.

घाम फुटला. मी खाली कोसळलो. त्यांनी मला रिकाम्या खाटेवर घेतलं, छातीला वायरी लावल्या. सिस्टर ऑक्सिजनचं सिलिंडर आणायला बाहेर धावली.

डॉक्टरांची पाठ ट्रेकडे होती, नजर पडद्यावर.

"नाडी बसतेय. अ‍ॅट्रोपिन एक."

"अ‍ॅट्रोपिन एक, देते," अगदी माझ्या कानाशी.

कुणीही मला शिवलं नाही.

"दिलं."

"छान," डॉक्टर म्हणाले आणि पुढे गेले. नियमाप्रमाणे.

ट्रे माझ्या डोळ्यांसमोर होता. सिरिंज भरलेली. टोपण तसंच.

सांगायला गेलो. जीभ हलेना. मी खाटेच्या कडेवर हात आपटू लागलो.

"सर," टेक्निशियन खुशीत म्हणाला, "हात चालतायत."