चार शतांश

धुकं इतकं दाट होतं की तलावाची पाळ कुठं संपते आणि पाणी कुठं सुरू होतं, हे त्या सकाळी बदकांनाही कळलं नसतं. नीतूनं गाडी बंद करून पाळीच्या कडेला लावली आणि कान दिला. समोर, पांढऱ्या अंधारात, कोणाची तरी मोटरसायकल सुरू होत होती. आवाज चढायचा, चढायचा... मध्येच खोकायचा आणि विझायचा.

एकदा झालं, दोनदा झालं. तिसऱ्यांदा नीतूला राहवलं नाही.

"पेट्रोल कमी पडून राहिलं तिले," ती धुक्याला म्हणाली. "जेट बारीक आहे. मोठं टाका."

पलीकडं पाना दगडावर पडला. मग एक पुरुषी आवाज आला, "कोन आहे? मानूस आहे का भूत?"

"भूत असती त तुमची गाडी दुरुस्त करत बसली असती का?"

"गाडी न बघता सांगून राहिली, म्हणून विचारलं, यार!"

ती हसली. धुक्यातून चार पावलं पुढं गेली, तेव्हा आधी गाडीचं चाक दिसलं, मग गुडघ्यावर बसलेला तो. पंचविशीतला, सावळा, अंगात जुना स्वेटर. भुवयांवर काहीतरी पांढरट बारीक बसलं होतं. तिला वाटलं दव असेल. जवळून पाहिलं, तर तो धानाचा कोंडा होता.

नीतूनं ओढणीच्या गाठीतून तंबाखूची एक जुनी डबी काढली.

"सकाळी सकाळी तंबाखू?" त्यानं विचारलं.

तिनं झाकण उघडलं. आत चिमणीच्या दाण्याएवढी पितळी जेटं होती. कार्बुरेटरमधून पेट्रोल सोडणारं सुईच्या टोकाएवढं भोक प्रत्येकाला. एक उचलून तिनं त्याच्या तळहातावर ठेवलं. बोटं थंडगार होती, दोघांचीही.

त्यानं जेट बदललं, किक मारली. गाडी खोकली नाही. आवाज धुक्यातून सरळ वर गेला आणि तलावावरच्या बदकांचा एक थवा फडफडत उठला.

"मी संघदीप," तो आवाजावर आवाज चढवून म्हणाला. "नागऱ्याचा. गोंदियाले राईस मिलमध्ये फिटर आहो. अन् तू?"

"उद्या माईकवर ऐकजो."

एवढं बोलून ती धुक्यात शिरली. मागं राहिला तो तिच्या जुन्या टू-स्ट्रोकचा टणटण आवाज आणि जळक्या तेलाचा वास. संघदीप तो वास विरेपर्यंत तिथंच उभा होता. हे त्यानंच तिला पुढं कधीतरी सांगितलं.

अर्जुनी मोरगावपासून कोसभरावरच्या त्या तलावाकाठच्या गावात दरवर्षी पट भरायचा. पहिले दोन दिवस बैलजोड्या धावायच्या, तिसरा दिवस मोटरसायकलींचा. तीच दोनशे मीटरची सरळ वाट, तेच दोन पट्टे. शहरात याला ड्रॅग म्हणतात. इथं मात्र एक रीत वेगळी होती, आणि ती पाळण्यात गाव फार कडक होतं. समितीचे शालीकराम काका दर फेरीआधी ती माईकवर समजावून सांगायचे.

"ऐका गा! इथं जोराची गाडी जिंकत नाही, खऱ्या तोंडाची जिंकते. आपली गाडी किती सेकंदांत जाईल, थे पहिले बोला. ज्याची गाडी हळू, थो तेवढ्या फरकानं पहिले सुटंल. जो पहिले रेघ ओलांडंल थो जिंकला. पन बोलला त्याच्याहून लवकर पोचला, त बाद! खोटं बोलला म्हणून बाद!"

याला ते बोली म्हणायचे. खडूनं गाडीच्या टाकीवर लिहायची. हिरवा दिवा लागला की घड्याळ सुरू, आणि घड्याळ सेकंदाचे शंभर तुकडे करायचं.

नीतू बकाराम मिस्त्रीची मुलगी. बापाच्या दुकानात पान्यांशी खेळत वाढलेली. तीन वर्षांपासून ती या पटावर धावत होती, आणि मागच्या वर्षी जे झालं ते तिच्या छातीत अजून काट्यासारखं होतं. दुसऱ्या फेरीत गजेंद्र नावाचा एक पोरगा तिच्या पुढं होता. रेघेच्या चार हात अलीकडं त्यानं ब्रेक मारला, गाडीवरच हात जोडले आणि ओरडला, "या लक्ष्मीबाई, तुम्ही पहिले!" सगळं मैदान हसलं. नीतू जिंकली. आणि टेम्पोच्या मागं जाऊन रडली. हरली असती तर एवढं लागलं नसतं.

यंदा नागपूरहून प्रेमिला मॅडम आल्या होत्या. मोठ्या टीमच्या प्रशिक्षक. विमानाच्या धावपट्टीवर होणाऱ्या शर्यतींत त्यांचे स्वार धावायचे. जो जिंकेल त्याला कोइमतूरला सहा महिने शिकायला नेणार होत्या. एकच जागा होती.

नीतूला ती जागा हवी होती. पण कोणी दिलेली नको होती.

शर्यतीच्या दिवशी दुपारपर्यंत तीन फेऱ्या झाल्या. नीतू तिन्ही जिंकली. दुसऱ्या बाजूनं संघदीपही जिंकत आला. त्याची गाडी भन्नाट होती, पण लोक बोलायचे ते त्याच्या बोलीबद्दल. आठ वीस, म्हणजे आठ सेकंद वीस शतांश, बोलला की आठ एकवीसमध्ये पोचायचा. कधी आठ बावीस. आठ एकोणीस कधीच नाही. समोरच्याला मागं टाकलं की तो शेवटच्या दहा मीटरांत ॲक्सिलरेटरची मूठ अशी हलकेच सोडायचा, जसं कोणी झोपलेल्या लेकराला अंथरुणावर ठेवतं.

नीतू टेम्पोच्या सावलीत बसली होती, तेव्हा तो आला. हातात कागदाचा पुडा, त्यात उकडलेले शिंगाडे.

"नीतू बकाराम... मोरगाव," तो माईकवरच्या काकांसारखा म्हणाला. "ऐकलं बरं का नाव. तीनदा ऐकलं."

"मग काय आलं त्यातून?"

"शिंगाडे आले." तो समोर बसला. "घे."

"हात काळे आहेत माहे."

"म्हणून त सोलून राहिलो नं."

तो सोलायचा आणि पांढराशुभ्र गर कागदाच्या कोपऱ्यावर ठेवायचा. ती दोन बोटांच्या टोकांनी उचलायची. ऊन कोवळं होतं. कापलेल्या धानाच्या खुंटांवरून वारा येत होता, आणि लाउडस्पीकरचा आवाज कुठून तरी लांबून, पाण्याखालून यावा तसा येत होता. नीतूला वाटलं, पुडा जरा मोठा असता तर...

"शेवटची फेरी!" शालीकराम काका गरजले. "नीतू मोरगाव, नऊ ऐंशी! संघदीप नागरा, आठ वीस!"

दोघंही थांबले. त्याच्या हातात अर्धा सोललेला शिंगाडा तसाच राहिला.

"एक सांगू?" नीतू म्हणाली. तिचा आवाज बदलला होता. "मले जिंकू देजो नको."

"वा! म्हणजे मी सोडलं तरच तू जिंकशील, असं तूच धरून बसली?"

"हासू नको. मागच्या वर्षी एकानं सोडलं होतं. तू सोडलं, त मी तुह्याशी जन्मात बोलनार नाही."

"अन् नाही सोडलं... त बोलशील काय?"

नीतू उठली, ओढणी कमरेला बांधली. कान तापले होते, ते हेल्मेटमध्ये लपवले.

दिवा पिवळा झाला. नीतूच्या कानात आता मैदान नव्हतं, माणसं नव्हती. खाली थरथरणारी बापाची जुनी गाडी होती, आणि उजव्या पट्ट्यावर त्याची. तिच्या डबीतलं जेट त्याच्या गाडीत गात होतं.

हिरवा!

ती सुटली. एक पूर्णांक सहा दशांश सेकंद वाट तिच्या एकटीची होती. धूळ मागं, ऊन समोर. पहिला गिअर, दुसरा, तिसरा... मग मागून तो आवाज आला. न खोकता, सरळ चढत जाणारा. तो जवळ येऊ नये असं तिला वाटत होतं. आणि त्याच क्षणी असंही वाटत होतं, की यावा... अजून जवळ यावा. दोनशे मीटर एवढे लांब असतात हे तिला तोवर माहीत नव्हतं. डोळ्याच्या कोपऱ्यात त्याचं पुढचं चाक आलं. रेघेवर ते तिच्या चाकाच्या दोन-तीन हात पुढं होतं.

हरले, तिला वाटलं. आणि नवल म्हणजे, छातीतला काटा हलला. कोणी सोडलं नव्हतं.

पण जिंकल्याचा दिवा तिच्या बाजूचा लागला.

"संघदीप बाद!" काका माईकवर ओरडले. "आठ सोळा! बोलीच्या चार शतांश पुढं!"

मग पहिली शिट्टी वाजली. "थो चुकते काय कधी? देलं रे पोरीले, देलं!" आणि हशा पिकला. तसाच, मागच्या वर्षीसारखा.

नीतूनं गाडी टाकली, हेल्मेट काढलं आणि तरातरा त्याच्याकडं गेली. तो गाडीवरच बसून होता, दोन्ही हात टाकीवर, मान खाली.

"काऊन केलं असं? सांगितलं होतं नं तुले!"

"काय केलं मी?"

"तू! आठ एकोणीस कधी जात नाहीस, अन् आज आठ सोळा? लोक हासून राहिले. मले भीक नको तुही!"

तिच्या डोळ्यांत पाणी होतं आणि ते पुसायला हात काळे होते. संघदीपनं मान वर केली. तोही काही हसत नव्हता.

"तुहा वेळ पाहिला का?"

"माह्या वेळेचं काय आहे त्यात?"

तेवढ्यात प्रेमिला मॅडम तिथं पोचल्या. हातात घड्याळाच्या यंत्रातून निघालेली कागदाची पट्टी. ती त्यांनी नीतूसमोर धरली.

"वाच," त्या म्हणाल्या. "नऊ ऐंशी बोललीस. धावलीस किती? नऊ एक्याऐंशी. या मुलाला तुला कायद्यानं हरवायला जागा उरली होती एका शतांशाची. त्या फटीतून सुईसुद्धा गेली नसती. तो नेहमीसारखा आठ बावीसला पोचला असता तर मागं राहून हरला असता, पुढं गेला म्हणून बाद झाला. दोन्हीकडून तूच जिंकलीस. यात कोणी देण्यासारखं काही शिल्लकच ठेवलं नव्हतंस तू."

त्यांनी शालीकराम काकांकडून माईक घेतला आणि हेच सगळ्या मैदानाला ऐकवलं. आकड्यांसकट, सावकाश. हशा विरत गेला. मग बैलजोडीवाल्या म्हाताऱ्यांच्या घोळक्यातून कोणीतरी टाळी वाजवली, कारण बोलीची किंमत त्यांनाच जास्त ठाऊक होती. पाहता पाहता मैदान टाळ्यांनी भरलं.

नीतू मात्र त्या पट्टीकडंच बघत होती.

"हरायचंच होतं, त मागं राहायचं नं," ती हळू आवाजात म्हणाली. "बाद कायले झाला? आजवर कधी झाला नव्हतास."

संघदीपनं टाकीवरचा खडूचा आकडा अंगठ्यानं पुसला.

"शेवटचे दहा मीटर होते. मूठ सोडायची होती. हात रोजचा आहे, त्याले सांगावं लागत नाही," तो म्हणाला. "पन तू समोर होती. ओढणी उडून राहिली होती तुही... अन् मूठ नाही सुटली, यार. जिंकाचं, हराचं काही डोक्यात नव्हतं. तुह्याजवळ पोचाचं होतं, बस्स."

नीतू वळून टेम्पोजवळ उभ्या बापाकडं गेली. चालताना तिचा पाय दोनदा अडखळला, सपाट जमिनीवर.

शर्यतीनंतर तिसऱ्या दिवशी अर्जुनीच्या स्टेशनावर बकाराम मिस्त्री कोइमतूरला निघालेल्या लेकीची बॅग घेऊन उभे होते. आई लीलाबाई डब्यातल्या पोळ्या पुन्हा पुन्हा मोजत होती. गोंदियाला जाऊन पुढची गाडी धरायची होती. पॅसेंजर लागली, तेव्हा चहाच्या टपरीमागून संघदीप पुढं आला. गोंदियालाच निघालो होतो, म्हणाला.

"दोन दिवसांपासून निघूनच राहिला काय गा?" बकाराम म्हणाले. त्यांनी त्याला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं आणि बॅग त्याच्या हातात दिली. "जड आहे. पाने आहेत आत. सांभाळून नेजो."

"हो, काकाजी."

बॅगेसोबत आणखी काय सांभाळायला सांगितलं, ते दोघांनाही कळलं. लीलाबाईंना तर आधीच कळलं होतं. त्यांनी पोळ्या दोघांच्या बांधल्या होत्या.

गाडी निघाली. खिडकीबाहेर रिकामी शेतं, तलावाचे तुकडे, पाण्यात उभा एखादा बगळा. समोरासमोर बसलेले दोघं बोलत होते, पण जेटांबद्दल, चेनबद्दल, कोइमतूरच्या जेवणाबद्दल. जे बोलायचं होतं ते दोघांच्या मधल्या बॅगेवर तसंच बसून होतं.

सौंदडला गाडी थांबली. समोरून दुसरी यायची होती. दहा मिनिटं झाली, वीस झाली. डब्यातली माणसं कुरकुरू लागली. संघदीप मात्र मनातल्या मनात त्या दुसऱ्या गाडीला म्हणत होता, अजून थोडा उशीर कर.

"कोइमतूरले रविवारी सुट्टी असते म्हनते," नीतू खिडकीबाहेर बघत म्हणाली.

"बरं आहे."

"रविवारी फोन करजो."

त्याचा चेहरा आधी उजळला, मग जरा उतरला. "सहा महिने... आठवड्यातून एकच दिवस?"

नीतूनं मधली बॅग उचलून खाली ठेवली. मग त्याच्या भुवईवर उरलेला कोंड्याचा एक कण बोटानं टिपला. आज तिची बोटं थंड नव्हती.

"एक दिवस तू करजो," ती म्हणाली. "बाकीचे सहा दिवस मी करीन."

शेजारच्या रुळावरून येणारी गाडी धडधडत गेली. डबा हलला, खिडक्या वाजल्या, आणि संघदीपनं काय उत्तर दिलं ते नीतूशिवाय कोणालाच ऐकू आलं नाही.