एक कडवं कौशिकसाठी

मस्कतच्या गाला भागातल्या एका गॅरेजमध्ये बाबांची गाडी लिफ्टवर चढली होती आणि बारावीतल्या मनालीला कंटाळा चढला होता. तेवढ्यात शेजारच्या खुर्चीवरून एक सूर आला... सूर कसला, सर्दी झालेला बेडूक!

कुरळ्या केसांचा एक मुलगा मांडीवर बँजो घेऊन खुंट्या पिळत होता. जुना, गोल, ढोलकीसारखं कातडं ताणून बसवलेला.

"कातडं ढिलं पडलंय त्याचं," ती न राहवून म्हणाली. "ही दमट हवा ना..."

"तुला बँजो येतो?"

"छे! पण देवगडला आमचे आजोबा भजनाआधी ढोलकी उन्हात ठेवतात. मस्कतला उन्हाची काय कमी?"

आणि तिने एका तापलेल्या बॉनेटवर वर्तमानपत्र अंथरून बँजो ठेवलासुद्धा! मेकॅनिक जुनैदभाई ओरडले, "यल्ला, चलो, अब ऑम्लेट भी बना लो!"

पाच मिनिटांनी तार छेडली, तर सूर कसा खणखणीत! मुलगा हसला. गालाला खळी पडली... आणि मनालीचं काही खरं राहिलं नाही.

त्याचं नाव कौशिक. अल खौदला तिच्यापासून दोनच गल्ल्या पलीकडे राहायचा. बँजो त्याच्या पणजोबांचा, जनार्दन यांचा. वेंगुर्ल्याहून मुंबईला जाऊन ते हॉटेलात नाचासाठी वाजवणाऱ्या स्विंग ऑर्केस्ट्रात शिरले. आधी बँजो, मग फॅशन बदलली तशी गिटार. ट्रम्पेट आणि सॅक्सोफोनच्या मागे बसून बावीस वर्षं नुसता ठेका — चक्, चक्, चक्, चक्.

"ऑर्केस्ट्राच्या रेकॉर्डवर त्यांचं नाव नाही. ऐकूही येत नाहीत," कौशिक अभिमानाने सांगायचा. "पण ते थांबले असते ना, तर नाचणाऱ्यांचे पाय अडखळले असते."

"एकदाही एकट्याने वाजवलं नाही?"

"आमच्याकडे कुणी पुढे येत नाही गं."

मराठी मंडळाच्या गणपतीत मनाली गाणार आणि कौशिक गिटारची साथ करणार, असं ठरलं. रोज तालीम. पण पठ्ठ्या तिच्या डोळ्यांत बघेल तर शपथ!

"माझ्या पायात काय आहे रे?"

"ठेका आहे," तो खाली बघतच म्हणाला.

इश्श! पण म्हणजे नेमकं काय? शनिवारी तो पुण्याला कॉलेजला निघणार होता. मनातलं मनातच ठेवून गेला तर?

गुरुवारी हॉल भरला. पहिलं कडवं छान झालं. दुसऱ्याला मनालीने श्वास घेतला... आणि ओठ मिटून घेतले.

चक्, चक्, चक्, चक्.

"अगं बाई, शब्द विसरली पोरगी!" विंगेतून मंडळाच्या प्रमिलाकाकू पुटपुटल्या.

कौशिकने दचकून वर पाहिलं. थेट तिच्या डोळ्यांत. मनालीने माईक हळूच त्याच्या गिटारकडे वळवला आणि ती बाजूला झाली.

त्याने ठेका सोडला. मग एक सूर निघाला, त्याच्या मागून दुसरा... मत्रहच्या बंदरात संध्याकाळी दिवे उमलतात ना, तसे. अख्खं कडवं तो एकटा वाजवत होता आणि हॉलमध्ये कुणी खोकतही नव्हतं.

टाळ्यांमधून दोघं विंगेत आले.

"विसरलीस?"

"मुळीच नाही."

"मग का थांबलीस?"

"तू बोलावंस म्हणून." तिचे कान तापले होते.

"अजून एक बोलायचंय... गिटारशिवाय."

"बोल ना! शनिवार काय थांबणारे?"

बाहेर पुढच्या नाचाचे ढोल सुरू झाले होते. कौशिक तिच्या कानाशी वाकला आणि जे बोलला, ते इतकं हळू, की प्रमिलाकाकूंनी मान पुढे काढूनही काही कळलं नाही.

मनालीला मात्र सगळं ऐकू आलं. "हो," ती म्हणाली — मोठ्ठ्याने!